नवरंग : रायपूरचा पावसाळी पाहुणा

उन्हाळ्यात रायपूरला हौसेने कुणी जात नाही. पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि कूलरच्या घरघरीत एकमेकांचे बोलणेही नीट ऐकू येत नाही! तरीही गेल्या वर्षी मेच्या अखेरीस मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन रायपूरला गेले, कारण मावशीने बोलावले होते. काका जाऊन दोन वर्षे झाली होती. तिची मुले बंगळूरला. घराच्या मागच्या अंगणाचे काहीतरी ठरवायचे होते आणि 'घरातलं कुणीतरी सोबत असावं' एवढेच तिचे म्हणणे होते. तिथे आमची एका पाहुण्याशी गाठ पडेल आणि त्याच्या मागे लागून आम्ही बारनवापाराच्या जंगलापर्यंत जाऊ, हे मात्र कुणाच्या मनातही नव्हते.

गाडीच्या खिडकीतून

पुण्याहून हावड्याकडे जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस नागपूर, गोंदिया करत रायपूरला पोहोचते. गोंदिया गेले की खिडकीबाहेरचा देखावा पालटतो. सालेकसा, दरेकसाच्या टेकड्या, सागाचे आणि बांबूचे रान, एक बोगदा, मग डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरी देवीचे मंदिर. याच मुलखातून १८७७ साली एक मुलगा बैलगाडीने नागपूरहून रायपूरला गेला होता. तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे आली नव्हती. तो मुलगा म्हणजे नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद. वाटेतल्या डोंगराच्या कपारीत लटकलेले प्रचंड मधाचे पोळे पाहून तो कितीतरी वेळ देहभान हरपून बसला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रायपूरच्या बुढा तलावात आज त्यांचा भव्य पुतळा आहे आणि तलावालाही विवेकानंद सरोवर असे नाव आहे.

रायपूर आपल्याला वाटते तितके परके नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य अठराव्या शतकात छत्तीसगडावर होते. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूरच असल्याने १ नोव्हेंबर १९५६पर्यंत रायपूरचा माणूस सरकारी कामासाठी नागपूरलाच जात असे. शिक्षक, कारकून, रेल्वेचे नोकर, वकील अशी कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० साली काढणारे माधवराव सप्रे मराठीच. लोकमान्यांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतरही त्यांनीच केले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि शहर झपाट्याने वाढले. पण गणपतीत मराठी मंडळी अजून एकत्र येतात. मावशीच्या मराठीत 'बिजली गेली', 'सब्जी आणली' असे शब्द सर्रास येतात आणि ते ऐकायलाही गोड वाटतात.

वादळानंतरची सकाळ

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरच्या पहिल्या नऊ दिवसांना इकडे 'नौतपा' म्हणतात. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, असा समज. त्या वर्षी नौतपा भरपूर तापला. सकाळी आंब्याचे पन्हे, दुपारी ताकभात, तर कामवाल्या ताईंच्या डब्यात बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा आणि मिरची. माझ्या मुलाला ते बोरे-बासी इतके आवडले की ताई रोज त्याच्यासाठी वाटीभर जास्त आणू लागल्या.

नौतपा संपला आणि दुसऱ्याच रात्री अंधड आले. धूळ, विजा, पत्र्यांचा खडखडाट आणि शेवटी पावसाचे चार टपोरे थेंब. वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी ताई मागचे अंगण झाडायला गेल्या आणि तिथूनच हाक आली, "दाई, देख तो, चिरई गिर गे हे!"

आम्ही धावलो. मागच्या खोलीच्या काचेच्या खिडकीखाली एक पक्षी पडला होता. डोळे अर्धे मिटलेले, चोच किंचित उघडी. मी जन्मात असा पक्षी पाहिला नव्हता. आकार बुलबुलाएवढा, पण शेपूट जवळजवळ नाहीच, जणू कुणी कापून टाकलेली. पाठ हिरवी, पंखांवर चमकदार निळा पट्टा, डोळ्यांवरून मानेपर्यंत गेलेली जाड काळी पट्टी, त्यावर पांढरी भुवई, गळा पांढरा, छाती-पोट फिकट पिवळसर आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल रंग.

"आई, हा पोपट आहे का?" मुलाने विचारले.

मावशी काहीच बोलली नाही. ती आत गेली आणि काकांच्या कपाटातले एक जुने पुस्तक घेऊन आली. डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक. १९४१ साली ते पहिल्यांदा निघाले आणि त्यानंतर त्याच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या. काकांच्या प्रतीची शिवण उसवली होती. तिने बरोबर पान काढले, कारण तिथे काकांनी बसचे एक जुने तिकीट खूण म्हणून ठेवले होते.

"नवरंग," ती म्हणाली.

खोक्यातला एक तास

अशा वेळी काय करायचे, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. मुले पाणी पाजायला धावतात, कुणी भाताची शिते चोचीत घालते, कुणी हातात घेऊन गोंजारत बसते. यातले काहीही करू नये. मी पुण्याच्या एका पक्षीमित्राला फोन केला. त्याने सांगितले ते वाचकांनीही लक्षात ठेवावे. बुटांचे रिकामे खोके घ्यावे, त्याला हवेसाठी भोके पाडावीत, तळाशी मऊ कापड अंथरावे, पक्ष्याला अलगद उचलून आत ठेवावे आणि झाकण लावून खोके अंधाऱ्या, शांत, थंड जागी ठेवावे. पाणी चोचीत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सारखे झाकण उघडून पाहू नये. काचेला आपटून भोवंडलेला पक्षी बहुधा तासा-दोन तासांत सावरतो. मग झाडीजवळ झाकण उघडून दूर व्हावे. पंख मोडलेला दिसला किंवा पक्षी सावरलाच नाही, तर वन खात्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरांना कळवावे. त्याला घरी ठेवून घेणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तो तास आमच्या घरात फार लांबला. मुलगा खोक्यापासून चार हातांवर मांडी घालून बसला होता. दहा वाजता आतून खुडबुड ऐकू आली. आम्ही खोके मागच्या जांभळाखाली नेऊन झाकण उघडले. पक्षी क्षणभर उभा राहिला. पाय चांगले लांब आणि दणकट. मग टुणकन बाहेर उडी मारून तो वाळक्या पानांवर उतरला, दोन-तीन उड्या मारत कुंपणाच्या कर्दळीपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. इतका रंगीत पक्षी, पण पानांच्या सावलीत शिरताच त्याचा मागमूसही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून नीट उजाडलेही नव्हते, तेव्हा मावशीने मला हलवून उठवले. "ऐक."

मागच्या अंगणातून दोन सुरांची स्वच्छ शीळ येत होती. पहिला सूर वर चढणारा, दुसरा खाली येणारा. थोडा वेळ शांतता, पुन्हा तीच शीळ.

"चाळीस वर्षं ऐकतेय मी हा आवाज. पाऊस यायच्या आधी चार-सहा दिवस. तुझे काका म्हणायचे, 'आला गं पावसाचा पोस्टमन.' गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी मी ऐकलाच नाही. आला नसेल, की माझंच लक्ष नव्हतं, कोण जाणे."

दोन घरांचा प्रवासी

मग पुढचे दोन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. काकांचे पुस्तक, मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश आणि पुण्याच्या मित्राचे फोन यांतून जी माहिती जमली ती मोठी रंजक आहे.

नवरंग हा किडे खाऊन जगणारा पक्षी. गर्द, ओलसर, झुडपांनी भरलेल्या डोंगराळ जंगलात जमिनीवर वाळक्या पानांचा थर असतो, तो उलटापालटा करून त्याखालचे किडे, अळ्या, वाळवी, गांडुळे, गोगलगायी टिपणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग. चालण्यापेक्षा तो उड्या मारतो. रात्री मात्र झाडावर झोपतो. नर आणि मादी दिसायला सारखेच.

हिवाळ्यात तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. उन्हाळा सरत आला की उत्तरेकडे निघतो. मध्य भारतातली जंगले, सह्याद्री आणि थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचे डोंगर हे त्याचे माहेर, कारण अंडी तो इथेच घालतो. आपल्याकडे कर्नाळ्याला आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही जूनमध्ये त्याची शीळ ऐकायला पक्षीमित्र पहाटे गर्दी करतात. घरटे मोठ्या चेंडूसारखे गोल, वाळकी पाने आणि गवत यांचे, बाजूला दार, कधी जमिनीवर तर कधी खालच्या फांदीच्या बेचक्यात. त्यात चार-पाच पांढरी चकचकीत अंडी, वर जांभळट ठिपके. पाऊस सुरू झाला की जमिनीतून किडे आणि गांडुळे वर येतात. पिल्लांना भरवायला याहून चांगला हंगाम कोणता? म्हणजे काकांचा 'पोस्टमन' पावसाची वर्दी द्यायला येत नाही. पावसाने वाढून ठेवलेल्या ताटावर तो वेळेत हजर होतो.

हा सगळा प्रवास तो रात्री करतो. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, सवय जमिनीवर उड्या मारण्याची, आणि झेप शेकडो किलोमीटरची! त्यामुळे वाटेत थकून तो भलत्याच ठिकाणी उतरतो. गावातल्या घरांच्या पडवीत, शाळेच्या वऱ्हांड्यात, कधी न्हाणीघरात. शहरांतले दिवे आणि काचा त्याला गोंधळात टाकतात. आमच्या पाहुण्याचे तेच झाले असावे.

त्याची नावेही ऐकण्यासारखी आहेत. आपण आणि हिंदी भाषक त्याला नवरंग म्हणतो. तमिळमध्ये 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचे नाव आहे, कारण पहाटे आणि संध्याकाळी साधारण त्याच सुमाराला तो शीळ घालतो. इंग्रजीत त्याला 'पिट्टा' म्हणतात आणि हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच. तो तेलुगू आहे, अर्थ 'लहान पाखरू'! लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याला चक्क कावळ्याच्या गटात टाकले होते. त्याच नावातल्या 'ब्रॅकियुरा' शब्दाचा अर्थ आखूड शेपटीचा.

श्रीलंकेतली लोककथा तर माझ्या मुलाने मला तीनदा सांगायला लावली. मोराचा पिसारा म्हणे मुळात या पक्ष्याचा पोशाख होता. मोराने तो लांबवला. तेव्हापासून हा बिचारा रोज पहाटे आणि संध्याकाळी त्याची फिर्याद सांगत असतो.

"म्हणून त्याला शेपूट नाही!" मुलाने निकाल दिला.

बारनवापाराच्या वाटेवर

पक्षी त्या दिवशी पहाटेच ऐकू आला, पुन्हा नाही. तो पुढे गेला असणार. मुलगा हिरमुसला. मावशी म्हणाली, "त्याचं खरं घर पाहू या की." आणि ज्या बाईने दोन वर्षांत शहराबाहेर पाऊल टाकले नव्हते, तिने स्वतः फोन करून गाडी ठरवली.

रायपूरपासून बारनवापारा अभयारण्य साधारण शंभर किलोमीटर. संबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने आरंग ओलांडायचे, मग महानदीचा लांबलचक पूल. जूनमध्ये नदी म्हणजे वाळूचे मैदान आणि मधून पाण्याची एक धार. पटेवा गावापाशी हमरस्ता सोडून उत्तरेला वळले की रान सुरू होते. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांवरून अभयारण्याचे नाव पडले. स्थापना १९७६ची, क्षेत्रफळ सुमारे २४५ चौरस किलोमीटर. साग, साल, बांबू आणि मिश्र झाडी, उंचसखल टेकड्या, त्यांतून वाहणारे नाले. बिबट्या, अस्वल, गवा, चितळ ही इथली मोठी मंडळी. काळवीटही इथे पुन्हा आणून सोडले आहेत आणि अलीकडच्या काळात रानहत्तीही वस्तीला आले आहेत.

आम्ही आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचलो. वाटेत सिरपूरला थांबलो. महानदीच्या काठचे हे गाव एकेकाळी दक्षिण कोसलाची राजधानी होते. तिथले लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले, विटांचे. तेराशेहून अधिक पावसाळे सोसून त्या विटा उभ्या आहेत आणि त्यांवरचे कोरीवकाम आजही नजरेत भरते. राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधले. माहितीफलकावरचे हे वाक्य मावशीने दोनदा वाचले, मग म्हणाली, "चला, उन्हं उतरायच्या आत पोचायला हवं."

पहाटे साडेचारला आम्ही जिप्सीत बसलो. सोबतचा वनरक्षक तरुण होता. "नवरंग?" तो हसला. "लोग तो तेंदुआ पूछते हैं." पण एका नाल्याच्या वळणावर त्याने गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावले. आम्ही गप्प बसून राहिलो. आदल्या आठवड्यात इथे पाऊस झाला होता. ओल्या मातीचा आणि कुजत्या पानांचा वास येत होता. अंधार विरळ होत होता.

मग शीळ आली. डावीकडून. क्षणभराने उजवीकडून उत्तर आले. मग नाल्याच्या पलीकडून तिसरी. दहा मिनिटे ते सारे रान त्या दोन सुरांनी भरून गेले होते. अंगणात ऐकलेली शीळ एकट्याची होती. इथे तर मोहल्लाच जमला होता!

उजाडल्यावर तो दिसलाही. अर्जुनाच्या खालच्या फांदीवर, मान मागे टाकून, छाती पुढे काढून शीळ घालत होता. प्रत्येक शिळेला त्याचे सारे अंग हलत होते. मुलाने माझा हात घट्ट धरला. मावशीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. दुर्बीण तिच्या हातात तशीच राहिली.

पानांचा थर

परतताना वनरक्षकाने गाडी एका मोहाच्या झाडापाशी थांबवली. झाडाखालची जमीन काळी पडली होती. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती वेचायला सोपे जावे म्हणून गावकरी झाडाखालची वाळकी पाने पेटवतात. वारा असला तर आग झाडाखाली राहत नाही, पसरते. त्यानंतर मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम. त्यासाठीही रान पेटवले जाते, आगीनंतर कोवळी पालवी चांगली फुटते म्हणून.

"जहाँ पत्ता जल गया, वहाँ ये नहीं बैठता," तो म्हणाला. "खाएगा क्या?"

गोष्ट साधी होती. पानांचा थर जळला की त्याखालची ओल जाते, किडे जातात, आणि किड्यांवर जगणारा हा पाहुणा हजारभर किलोमीटर उडून येतो तो रिकाम्या ताटावर. पण दुसरी बाजूही आहे. मोहाची फुले आणि तेंदूची पाने हा इथल्या गरीब कुटुंबांचा वर्षाचा आधार. भाताचे पीक येईपर्यंत चूल त्यावरच पेटते. त्यांना शहरातून येऊन दोष देणे फार सोपे. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधून फुले झेलतात. फुले स्वच्छ राहतात, भावही बरा मिळतो आणि आग लावावी लागत नाही. हे जितके वाढेल तितके चांगले.

गाडीत मावशी बराच वेळ गप्प होती. आरंगच्या पुढे आल्यावर म्हणाली, "मी तरी काय करते गं? रोज सकाळी पानं झाडून घेते, कोपऱ्यात ढीग करते आणि पेटवते. चाळीस वर्षं."

अंगणाचे काय झाले

मागच्या अंगणाचा प्रश्न असा होता. तिथे काकांनी लावलेले जांभूळ, एक आंबा, कर्दळी, अडुळसा आणि बाकी आपोआप वाढलेले रान. मावशीचे गुडघे दुखतात, पाने झाडणे होत नाही. पावसाळ्यात साप निघतात. एकदा विंचूही निघाला होता. मुलांचे म्हणणे, सगळे साफ करून सिमेंट घालून घ्यावे. पुढेमागे दोन खोल्या काढून भाडेकरू ठेवता येईल, म्हणजे सोबतही होईल. म्हणणे काळजीपोटीच होते. ठेकेदार येऊन माप घेऊन गेला होता. मृग लागायच्या आत काम उरकायचे होते. फाटकाशी वाळूचा ढीगही येऊन पडला होता.

परतल्यावर रात्री मावशीने मुलाला फोन लावला. मी पलीकडच्या खोलीत होते, तरी ऐकू येत होते. पक्ष्याचे ती काहीच बोलली नाही. "हे बघ," ती म्हणाली, "घराला लागून सहा फूट फरशी घालून घेते. जाळीचं दार बसवते. म्हणजे सापाची भीती नाही. पण जांभळाखाली सिमेंट नको. खोल्यांचं पुढे बघू." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणे झाले. "नाही रे, हट्ट नाही," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी लावलेलं झाड आहे. मुळांना पाणी जायला हवं की नको?"

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. त्याला हे काम छोटे वाटले, थोडी कुरकुर झाली, पण शेवटी तो तयार झाला. ताईंना मावशीने सांगितले की जांभळाखालचे झाडायचे नाही आणि पेटवायचे तर मुळीच नाही. ताई म्हणाल्या, "बने हे, दाई. मोर काम कम होगे." चांगले आहे, माझे काम कमी झाले! सगळ्यांत खूश त्याच होत्या.

अंगणातल्या चार हात जागेने जंगल वाचते, असे मी म्हणणार नाही. पण रात्रीच्या प्रवासात थकून उतरणाऱ्या पाखराला जंगल गाठण्याआधी एक दिवस टेकायला जागा लागते, थोडी सावली आणि पानांखालचे चार किडे लागतात. पूर्वी प्रत्येक घरामागे परसू होते, तेव्हा ही जागा न मागता मिळत होती. आता ती कुणीतरी मुद्दाम ठेवावी लागते.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला फोन वाजला. एवढ्या लवकर मावशीचा फोन म्हटल्यावर काळजात धस्स झाले. "बोलू नकोस, ऐक," ती म्हणाली आणि तिने फोन मागच्या दाराबाहेर धरला. मला कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज, लांबून देवळातली घंटा. दुसरे काहीच नाही.

"ऐकलंस ना?" मावशीने विचारले.

"तू ऐकलास ना?" मी म्हटले.

"तर! मघापासून ओरडतोय," ती म्हणाली. "मुलाला सांग, पोस्टमन आलाय."

जाणार असाल तर

मुंबई, पुणे आणि नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या रायपूरला थांबतात. नागपूर ते रायपूर अंतर सुमारे ३०० किलोमीटर. रायपूरला विमानतळही आहे. सिरपूर आणि बारनवापारा मिळून दोन दिवसांची सहल आरामात होते. रायपूरमध्ये बुढा तलाव, दूधाधारी मठ आणि १८७५ साली स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय पाहण्यासारखे आहे.

नवरंग ऐकायचा तर जूनचा पहिला आठवडा उत्तम. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे निघण्यापूर्वी वन खात्याकडे तारखा विचारून घ्याव्यात आणि राहण्याची सोय आधीच करावी. पहाटे उजाडण्यापूर्वी पोहोचावे, गडद किंवा मातकट रंगाचे कपडे घालावेत, पाणी भरपूर न्यावे आणि बोलणे कमी ठेवावे. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याची शीळ वाजवू नये. हा त्याचा घरट्याचा काळ असतो. खोट्या शिळेला उत्तर देण्यात त्याचा वेळ आणि शक्ती वाया जाते.

आणि एवढ्या लांब जाणे जमणार नसेल, तर जूनमध्ये दोन-चार पहाटे आपल्याच खिडकीत कान देऊन बसावे. पाहुण्याची वाट कदाचित तुमच्याही घरावरून जात असेल.